मापभर कोंडा

माझं अक्षर चांगलं आहे. फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढं जे सांगायचं आहे त्यात त्या अक्षराचा हात मोठा आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. मी विम्याच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागले तेव्हा मद्रासला मद्रासच म्हणत. माउंट रोडवरच्या आमच्या इमारतीत कॉम्प्युटर यायला अजून पुष्कळ अवकाश होता. सगळं काम हातानं आणि टाईपरायटरवर चाले. दुसऱ्या सेक्शनातली माणसंसुद्धा महत्त्वाचं रजिस्टर माझ्याकडून लिहून घ्यायला येत, आणि एखाद्या कागदावर नुसती नजर टाकून हे कुणी लिहिलं ते आमच्या मजल्यावर कुणीही सांगू शके.

माझं टेबल क्लेम्स सेक्शनात होतं. माणूस गेला की त्याच्या घरचे जो दावा करतात तो तपासायचा आणि द्यायचा किंवा नाकारायचा, हे आमचं काम. देण्याची पत्रं दुसरीकडे टाईप होत, नाकारण्याची माझ्याकडे. मिसरिप्रेझेंटेशन हा शब्द मी रोज इतक्या वेळा बडवत असे की डोळे मिटून बोटं चालत.

त्याचा अर्थ आमच्या साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावला होता. साहेब तमिळ, कपाळाला विभूती, कायदा शिकलेले, आवाज कधी न चढवणारे. ते म्हणाले, बाजारात वांगी घेताना किडकी आहेत का ते बघणं गिऱ्हाइकाचं काम. विकणारीनं तोंड उघडलं नाही तरी तिचा गुन्हा नाही. विम्यात उलटं असतं. इथं घेणाऱ्यालाच स्वतःबद्दल सगळं ठाऊक आणि कंपनी आंधळी. म्हणून विचारलेलं सगळं खरं सांगण्याची जबाबदारी त्याची. खोटं तीन तऱ्हेचं. फसवायचं म्हणून सांगितलेलं, निष्काळजीपणानं सांगितलेलं, आणि स्वतःला खरंच वाटत होतं म्हणून सांगितलेलं. एरवीच्या करारात या तिघांना वेगवेगळी वागणूक मिळते. आमच्या फॉर्मच्या तळाशी मात्र एक ओळ छापलेली होती, की वरची सगळी उत्तरं खरी आहेत आणि तीच या कराराचा पाया आहेत. तिच्याखाली सही झाली की तिन्ही खोटी एकाच पंगतीला बसतात. पहिल्या दोन वर्षांत माणूस गेला आणि एखादं महत्त्वाचं उत्तर चुकीचं निघालं, तर करार मोडायला कंपनीला तेवढं पुरे. दोन वर्षांनंतर मात्र त्यानं मुद्दाम फसवलं हे दाखवावं लागतं.

मला हे फार पटलं होतं. साखरेचा आजार लपवून पॉलिसी घेणारे, छातीचा फोटो दुसऱ्याचा लावणारे, काय काय नमुने मी फायलीत पाहिले! त्यांच्या बायका काउंटरशी येऊन पदर डोळ्याला लावत. दया यायची, नाही असं नाही, पण राग जास्त यायचा. खरं लिहायला काय हात मोडले होते? एकदा साहेबांनी नाकारण्याच्या पत्राचा नमुना नीट करायला माझ्याकडे दिला. जुन्यात 'चुकीची माहिती दिली' एवढंच होतं. मी त्यात 'जाणूनबुजून' हा शब्द घातला. साहेब म्हणाले, चांगलं केलंत, हे टिकेल. त्या दिवशी मी घरी जाताना सगळ्यांसाठी जिलबी नेली होती.

घर म्हणजे अक्काचं, माझ्या मोठ्या बहिणीचं. आम्ही तंजावूरची मराठी माणसं. आमचे पूर्वज तिकडे कधी गेले ते विचारू नये, आम्हांलाही नीट सांगता येत नाही. घरात बोलायचो ती मराठी ऐकून नागपूरहून बदली होऊन आलेली माझी एक मैत्रीण तोंडाला रुमाल लावून हसायची. ही मी लिहिते आहे ती मराठी तिच्याकडून आणि तिच्या मासिकांतून शिकले. आईवडील गेल्यावर अक्कानं मला मैलापूरला आपल्याजवळ आणलं. माझं लग्न जमलं नाही आणि मीही फार खटपट केली नाही. भावजी कॉर्पोरेशनच्या शाळेत चित्रकला शिकवत. त्यांना एक मुलगी, तेव्हा सात वर्षांची. आणि भावजींची आई, जिला मी मामी म्हणत असे.

आई म्हटलं, आणि इथंच सगळी गोम आहे. मामींनी भावजींना जन्म दिला नव्हता. त्यांना त्यांनी मापभर कोंड्याला विकत घेतलं होतं.

आमच्याकडे ही रीत होती. तिथल्या तमिळ घरांतही होती, तेव्हा कुणी कुणाची उचलली देव जाणे. एखाद्या बाईची मुलं जगत नसली की पुढचं मूल जन्मताच दुसरीला विकायचं. किंमत पैशात घ्यायची नाही. मापभर कोंडा घ्यायचा, म्हणजे यमाला वाटावं की हे पोर कवडीमोलाचं आहे आणि त्या घरचं तर मुळीच नाही. भावजींच्या जन्मदात्रीची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. चौथ्याला तिनं भिंतीपलीकडच्या मामींच्या पदरात टाकलं. मामींना मूल नव्हतं. पोर दूध प्यायला तिकडं जाई, वाढलं इकडं. एरवी अशी मुलं नावाला विकतात आणि वर्षभरानं परत नेतात. हे पोर परत नेलंच नाही. जन्म देणारीला भावजी काकू म्हणत आणि तिच्या नवऱ्याला काका. खरं नातं बोलायचं नाही, चुकूनही नाही, कारण बोललं की सौदा मोडला आणि यमाला खबर लागली. ते काका अडतिसाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेले. चार वर्षांनी काकू तशाच गेल्या. शाळेत नाव घालायला मात्र काकाच गेले होते, तेव्हा रजिस्टरला बाप म्हणून त्यांचंच नाव लागलं.

दर वाढदिवशी मामी सकाळी आंघोळ करून पितळी मापानं कोंडा मोजत, भावजींवरून ओवाळत आणि गल्लीतल्या गाईला घालत. भावजी हसून म्हणत, "आईनं माझा हप्ता भरली." मोठा, भिंतीएवढा माणूस, बोटांना कायम रंग लागलेला, पण ते ओवाळणं होईपर्यंत लहान मुलासारखा पाटावर बसून राही. आणि वर्षातून एकदा कुणाला न सांगता ते देवळाच्या तळ्याकाठी जात, भटजींच्या कानात काकांचं नाव सांगत आणि श्राद्ध उरकून येत. घरी कुणी विचारत नसे.

त्यांनी विमा काढला नव्हता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान अशी माझी गत. दिवसभर दुसऱ्यांच्या पॉलिस्या चाळायच्या आणि घरातला कर्ता माणूस तसाच. मी त्यांच्या मागे लागले. ते टाळत. म्हणत, "यमाला पत्ता कशाला द्यायचा गे? आईनं येवढी वर्षं लपवून ठेवली की मला." मी वर्षभर पिच्छा सोडला नाही. शेवटी कंटाळून हो म्हणाले.

एजंट होता कोपऱ्यावरचा कॉफीपूड विकणारा. त्यानं सहीच्या जागी खुणा करून कोरा फॉर्म माझ्या हातात ठेवला. तुम्हांला मी काय शिकवायचं, म्हणाला. खरं तर कर्मचाऱ्यांनी फॉर्म भरायचे नाहीत असा ऑफिसचा नियम होता. रविवारी जेवणं झाली, अक्का मुलीला घेऊन कुणाच्या तरी बारशाला गेली होती, आणि मी टेबलाशी पेन घेऊन बसले. भावजी समोर. मामी झोपाळ्यावर शेवग्याचा पाला निवडत होत्या.

नाव, वय, नोकरी सगळं झालं. मग कुटुंबाच्या आरोग्याचा रकाना आला. वडील हयात की मृत, मृत असल्यास वय आणि कारण. आई तसंच. भावंडं तसंच.

भावजींनी मामींकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाप एकाहत्तराव्या वर्षी गेले, म्हातारपणानं. आई, ही का, समोर बसली की. चोखोट आहे. भावंडं नाहीत."

माझं पेन थांबलं. एकाहत्तराव्या वर्षी गेले ते मामींचे यजमान. हा रकाना कशासाठी आहे ते मला पुरतं ठाऊक होतं. कंपनीला माया कुणी केली ते नको होतं, रक्त कुणाचं ते हवं होतं. अशी उत्तरं उघडी पाडण्यात मी आठ वर्षं घालवली होती. मी वर पाहिलं तर मामींचा झोपाळा थांबलेला. त्या पाला हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या देखत मी काय विचारायचं होतं? तुमची खरी आई कुठल्या आजारानं गेली, म्हणून?

तेव्हा मी लिहिलं. वडील, एकाहत्तर, वार्धक्य. आई, हयात, अडुसष्ट, प्रकृती उत्तम. भावंडं, नाहीत. माझ्या सुंदर अक्षरात. आणि केवळ मामींच्या भिडेखातर लिहिलं असं म्हणेन तर तेही खोटंच. खरं लिहिलं असतं तर कंपनीनं हृदयाच्या दहा तपासण्या मागितल्या असत्या, हप्ता वाढवला असता, कदाचित नाहीच म्हटलं असतं, आणि माझी वर्षभराची मेहनत वाया गेली असती. हे सगळं मला त्या क्षणी दिसलं होतं. सोयीचं होतं, म्हणून रीत आठवली.

सही करायच्या आधी भावजींनी तळाची ओळ वाचली. "हे असकं खरं आहे म्हणून सही करायची?" त्यांनी विचारलं. असकं म्हणजे सगळं.

मी म्हटलं, "करा हो भावजी. छापील असतं ते."

त्यांनी सही केली. फॉर्म भरणाऱ्याचं नाव या जागी मी काहीच लिहिलं नाही. मामींचा झोपाळा पुन्हा हलायला लागला.

सतरा महिन्यांनी भावजी शाळेत फळ्यावर मडकं काढत होते. मडक्याची डावी बाजू काढून झाली, उजवीकडे खडू नेला आणि ते खाली बसले. मुलांना वाटलं काहीतरी पडलं म्हणून उचलतायत. हेडमास्तर घरी सांगायला आले तेव्हा अक्का इडलीचं पीठ वाटत होती. चाळिशी गाठायला त्यांना सात महिने कमी होते.

दोन वर्षांच्या आत माणूस गेला की चौकशी होतेच. मला ते माहीत होतं आणि मला रात्रंदिवस तेवढंच माहीत होतं. नातेवाइकाची फाईल म्हणून ती माझ्या टेबलावरून उचलून दुसऱ्याकडे दिली. ऑफिसचा माणूस तंजावूरला गेला. कुणी चुगली केली असं नाही झालं. त्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी त्याला बसवून कॉफी दिली आणि डोळे पुसत कौतुकानं सगळी गोष्ट सांगितली, कोंड्याला घेतलेलं पोर कसं गुणी निघालं, दोन्ही घरांचं नाव कसं राखलं. शाळेच्या रजिस्टरात काकांचं नाव सापडलं. नगरपालिकेत काकांच्या आणि काकूंच्या मृत्यूच्या नोंदी सापडल्या. मग मैलापूरच्या भटजींनी श्राद्धाचंही सांगितलं. ते शेवटचं सगळ्यांत वाईट होतं. त्याचा अर्थ असा की आपला जन्मदाता बाप कोण हे भावजींना पक्कं ठाऊक होतं.

निर्णयाआधी साहेबांनी घरच्यांचं म्हणणं ऐकायला बोलावलं. अक्का सुतकातून उठली होती पण उंबऱ्याबाहेर पडत नव्हती. मामी म्हणाल्या, मी जाते. मी त्यांना बसनं घेऊन गेले. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही.

साहेबांच्या खोलीत त्यांनी पिशवीतून पितळी माप काढलं. काठोकाठ कोंडा भरलेलं. ते फायलींच्या मध्ये ठेवलं. थोडा कोंडा टेबलावर सांडला. मग तमिळमध्ये म्हणाल्या, "हा माझा कागद. याच्यावर मी त्याला घेतला. त्याची आई मी. त्यानं खोटं सांगितलं नाही."

साहेबांनी माप थोडं स्वतःकडे ओढलं. मग म्हणाले, "पाट्टी, माझा मोठा मामा तविडाला घेतलेला होता. मला माहीत आहे हे." पाट्टी म्हणजे आजी, आणि तविडु म्हणजे कोंडाच. मला वाटलं, सुटलो. पण ते पुढं म्हणाले, "फॉर्ममध्ये विचारलंय ते रक्ताचं. याच्यासाठी आमच्याकडे रकाना नाही."

"मग तुम्ही घाला एक," मामी म्हणाल्या.

साहेबांनी सांडलेला कोंडा हातानं गोळा करून मापात परत टाकला. नंतर माझ्याकडे वळून ते इंग्रजीत बोलले, हळू, मामींना कळू नये म्हणून. फॉर्म भरणाऱ्याचं नाव कोरं आहे. ज्यानं भरला त्यानं लिहून दिलं की उत्तर कशाबद्दल आहे ते मी समजावलं नाही, मला खरं माहीत असून मी असं लिहिलं, तर चूक त्याची ठरते, गेलेल्या माणसाची नाही. मग मी हे वर पाठवू शकतो. पैसे मिळतील असं वचन देत नाही. पण त्यांच्या नावावरचा डाग तरी जाईल. अर्थात लिहून देणाऱ्याची नोकरी राहणार नाही. एवढं बोलून त्यांनी फॉर्म माझ्यासमोर सरकवला. अक्षर कुणाचं ते त्यांनी विचारलं नाही. नऊ वर्षं ते माझं अक्षर रोज बघत होते. म्हणाले, पत्र उद्या संध्याकाळी जाईल.

परतीच्या बसमध्ये मामींनी विचारलं, "काय म्हणाला तो?" मी सगळं सांगितलं. त्या खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या. माप मांडीवर होतं. रॉयपेट्टा गेलं, लूझचा स्टॉप आला, तेव्हा बोलल्या.

"सांगू नको."

"मामी, भावजी खोटारडे ठरतील."

"तो गेला. पोरीला जेवायला लागतं. तुझी नोकरी गेली की चौघींनी काय कोंडा खायचा?" मग मांडीवरचं माप सावरून, "माझ्या डोळ्याकडे बघून लिहिलीस तू. मला ठाऊक आहे. मी पण नाही सांगणार."

म्हातारीच्या खांद्यावर मी बंदूक ठेवणार नाही. निर्णय माझा होता. चार तोंडं होती आणि पगार एक, हे खरं. नऊ वर्षं ज्या टेबलाशी बसून मी दुसऱ्यांना खोटारडं म्हटलं, त्याच टेबलासमोर हात जोडून उभं राहायची मला लाज वाटत होती, हेही खरं. आणि मी घाबरले होते. बाकी सगळं काढून टाकलं तर एवढंच उरतं. कुंपणानं शेत खाल्लं आणि वर उभंही राहिलं.

दुसऱ्या दिवशी पत्र गेलं. टाईप केलं माझ्या शेजारणीनं, पण नमुना माझाच होता. 'विमाधारकानं आपल्या आईवडिलांच्या मृत्यूबाबत जाणूनबुजून खोटी माहिती दिली', असं त्यात होतं.

अक्कानं ते पत्र मला मोठ्यानं वाचायला लावलं. तिला इंग्रजी जेमतेम येई, पण अक्षरं लागत. मी मराठीत सांगत गेले. रकमेबद्दल तिनं एक शब्दही विचारला नाही. म्हणाली, "ह्यांनी खोटं सांगितली म्हणतात? ह्यांनी?" भावजी तिच्याशी साधं भाजीच्या भावाबद्दल खोटं बोलत नसत. एकदा रेशनवाल्यानं चुकून जास्त साखर दिली तर उन्हात परत जाऊन आले होते. अक्कानं विचारलं, "त्या एजंटानं काय लिहिलं असेल, तुला ठाऊक आहे-आ?"

मी म्हटलं, "नाही."

तिला एकच हवं होतं. पैसे राहू देत, पण तो एक शब्द त्यांनी मागं घ्यावा. मुलगी मोठी होईल, कपाटात हे पत्र सापडेल, तिनं बापाबद्दल हे वाचायचं का? म्हणून ती अर्ज करायची. दर सहा-आठ महिन्यांनी, दुपारी काम आवरलं की ती पाटावर बसे, मला समोर बसवी आणि आमच्या मराठीत सांगत जाई. मी इंग्रजीत लिहीत जाई. कधी विभागीय कार्यालयाला, कधी त्याच्याही वरती. ती सांगे ते साधं आणि खरं असे, माझ्या इंग्रजीत ते सरकारी होऊन जाई. संपत आलं की ती दर वेळी एकच विचारी, "आणिक काय लिहायचं आहे का गे तुला?" मी म्हणे, काही नाही. मग ती सही करी, तमिळमध्ये, सावकाश, आणि मी पाकीट चिकटवी.

पहिल्या अर्जाचं उत्तर दोन महिन्यांनी आलं. मी ऑफिसात असताना पोस्टमन आला होता. संध्याकाळी अक्कानं पत्र माझ्या हातात दिलं. तेच वाक्य, तोच शब्द. तळाशी 'सोबत : एक' असं टाईप केलेलं होतं, पण सोबत काही नव्हतं. जोडपत्र टाचायचं राहून जाणं आमच्या ऑफिसात नवीन नव्हतं. मी मनात आमच्या शिपायाला शिव्या घातल्या आणि अक्काला वाचून दाखवलं. त्या दिवशी ती जेवली नाही. मी तिला म्हटलं, सोड आता हे. ती म्हणाली, "सरी, बरं. पण आणिक एकदा लिहू."

भावजी गेल्यावर मामींनी त्यांच्या वाढदिवशी कोंडा मोजला नाही. माप फडताळात पालथं घालून ठेवलं. तीन वर्षांनी त्या गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांना भ्रम झाला होता आणि त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, कोंडा थोडा कमी पडला, त्या दिवशी माप भरून घातला नाही मी. मी पायाशी बसून ऐकत असे. अक्का जवळ असली की त्या गप्प होत.

मुलगी शिकली, मोठी झाली, नोकरीला लागली. तिची फी, तिचे कपडे, सगळं माझ्या पगारातून झालं. अक्का लोकांना सांगे, माझ्या बहिणीनं घर तारलं. ते ऐकताना मी उठून आत जात असे. साहेब निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांनी गळ्यातला हार काढून माझ्या हातात दिला. ऑफिसात कॉम्प्युटर आले, माझ्या अक्षराची कुणाला गरज उरली नाही. नाकारण्याचा नमुना मात्र तसाच कॉम्प्युटरमध्ये गेला. अक्काचे अर्ज चालूच होते. उत्तरं यायची बंद झाली तरी चालूच होते. मी कधीकधी चिडायचे. म्हणायचे, तुझ्या या हट्टानं काय होणार? ती म्हणे, "लिही की. कागदच तो." आणि शेवटी तो प्रश्न.

शहराचं नाव बदलायच्या सुमाराला अक्का आजारी पडली. पोटाचा आजार होता, फार दिवस नव्हते. शेवटच्या आठवड्यात तिनं पुन्हा अर्ज लिहायला बसवलं. आवाज निघत नव्हता, दोनच वाक्यं सांगितली. मग माझ्याकडे बघून तेच विचारलं. मला सांगायचं होतं. देवाशपथ, तोंडापर्यंत आलं होतं. पण मरणाऱ्या माणसाला कशाला त्रास, असं मी मनाशी म्हटलं. पुन्हा सोयीचं तेच सुचलं. म्हणाले, "काही नाही, अक्का. तू झोप." तिनं डोळे मिटले. सही केली नाही.

तेराव्यानंतर तिची पत्र्याची ट्रंक मी उघडली. मुलगी बाहेर पाहुण्यांत होती. वर अक्काच्या लग्नाचा शालू, त्याखाली भावजींचे रंगांचे ब्रश कपड्यात गुंडाळलेले, त्याखाली एक खाकी पाकीट. आत एक फोटोस्टॅट होता. प्रपोजल फॉर्मचा. कोपऱ्यात आमच्या ऑफिसचा शिक्का आणि पहिल्या अर्जाच्या उत्तराचा जावक क्रमांक. सोबत : एक.

वडील, एकाहत्तर, वार्धक्य. आई, हयात, अडुसष्ट, प्रकृती उत्तम. माझा लांब शेपटीचा वाय, माझा आडवी रेघ दिलेला सात. लहानपणी अक्कानंच पाटीवर गिरवायला शिकवलेला सात. कागद इतक्या वेळा उघडून घडी घातलेला होता की घड्यांवर फाटला होता, आणि फाटलेल्या ठिकाणी मागून डिंकानं कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. नीट, एकावर एक, वेगवेगळ्या वर्षांच्या.

म्हणजे तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. कुठल्या कार्यालयाकडून तिची काही अपेक्षाच नव्हती. दर सहा-आठ महिन्यांनी ती मला समोर बसवून, हातात पेन आणि कोरा कागद देऊन, एकच गोष्ट विचारत होती. आणि दर वेळी मी काही नाही म्हणून पाकीट चिकटवलं होतं.